मागच्या खोलीतल्या दोघी

१९३४ सालची संक्रांत. पेठेतल्या आमच्या घरी हळदीकुंकू चाललं होतं. कुंकू लावून घेता घेता एकीने विचारलं, “थोरली कुठाय हो?”

“बाजूला बसलीय,” सासूबाई म्हणाल्या.

“चंपाषष्ठीला आले तेव्हाही बाजूलाच होती की. अन् मध्ये एकदा आले तेव्हाही.”

कोणी हसलं नाही. बायका वाण पदराखाली घेऊन, एकमेकींकडे बघत निघून गेल्या. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

थोरली म्हणजे माझी जाऊ, दाक्षायणी. अक्कलकोटची, माहेरी कानडी बोलणारी, विशीच्या आतली. दसऱ्यापासून ती उठेनाशी झाली होती. ताप नाही, दुखणं नाही, मूल गेलेलं नाही. नवरा वेणीमाधव कोर्टात कारकून, मारत नव्हता. कारण असतं तर लोकांनी कीव केली असती. कारण नव्हतं, म्हणून सगळे चिडले होते. सगळ्यांत जास्त मी. आमचे हे शिकायला पुण्यात, मी सोळा वर्षांची, आणि तिच्या वाटणीचं पाणी, धुणं, दळण माझ्या अंगावर.

आमच्या घरात बाईला कामातून सुटायची एकच वाट होती. कावळा शिवला की चार दिवस मागच्या खोलीत घोंगडीवर बसायचं. तिला कोणी शिवायचं नाही, ताट लांबून सरकवायचं. जावेला ती वाट सापडली होती. चार दिवस झाले की न्हायची, एकदोन दिवसांनी पुन्हा जाऊन बसायची. अशा गोष्टीची चौकशी कोण करणार? सासऱ्यांच्या देवपूजेमुळे घरात सोवळं कडक. सासूबाईंना तिला हाताला धरून उठवायचं झालं, तरी शिवायची सोय नव्हती.

खरं काय ते मला ठाऊक होतं. परसातल्या दोरीवर तिची धुतलेली चिंधी कधी वाळताना दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी सासूबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. “ऊठ. पेठेत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

जाऊ भिंतीकडे बघत राहिली.

“उद्या वेणूला अक्कलकोटला धाडते. तुझ्या बापाला म्हणावं, घेऊन जा तुझं रत्न. आमच्या वेणूला मुलींचा तोटा नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “तू सांग गं. खरंच बाजूला आहे का ही?”

मी खरं सांगणार होते. जीभ उचललीही होती. पण मनात आलं, नवी येईल ती बारा-तेरा वर्षांची. तिला भाकरी थापायला शिकवायचं माझ्याच मानेवर. सासूबाईंची बोलणी खायची तीही मीच. मला दया बिया काही आली नव्हती. मला झोप हवी होती.

“मला काय विचारता?” मी म्हटलं. “मीच आत्ता बाजूला झाले.” आणि उंबरा ओलांडून जावेच्या घोंगडीवर जाऊन बसले.

सकाळपासून मी शिवलेलं सगळं अन्न त्या रात्री गाईला गेलं. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा थांबेना. मी भिंतीला पाठ लावून गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी मी जावेला म्हटलं, “तुमच्या पायी हाडं झिजली माझी.”

“ठाऊक आहे.”

“मग उठत का नाही?”

“घागर दिसते,” ती म्हणाली. “ दोरी दिसते. हात माझेच, हेही कळतं. मधलं काहीतरी कुणी उचलून नेलंय गं. आडाशी उभी राहिले की पाणी काढायचं सोडून दुसरंच मनात येतं. म्हणून इथं बसते. इथून कुणी आडावर पाठवत नाही.”

तिची घोंगडी मी माझ्याजवळ ओढून घेतली.

बाहेर वरण करपलं. कोर्टात जायच्या आधी वेणीमाधव भावोजी घागरी भरत होते आणि आपली आई कोणाला शिव्या देते आहे ते पहिल्यांदाच नीट ऐकत होते. तिसऱ्या दिवशी सासूबाई दाराशी आल्या.

“तू तरी उठशील ना गं?”

“त्या या घरात राहणार असतील तर उठेन,” मी म्हटलं. “आणि त्यांना आडावर पाठवायचं नाही.”

“सटवी,” त्या म्हणाल्या. पण अक्कलकोटला कोणी गेलं नाही.

जाऊ मागच्या खोलीतच राहू लागली. शेळीचं दूध घालणारी केराबाई धनगरीण परसदारी टेकून चातीवर लोकर कातायची. एकदा तिने पिंजलेल्या लोकरीचा पेळू जावेपुढे टाकला.

“घ्या बाई. लोकरीला तुमचा इटाळ न्हाय की. सासूबी काय म्हनायची न्हाय.”

जावेने कातलं. केराबाईनं धागा वर धरून बघितला. “ह्यो दोरा हाय का गांडूळ?”

“गांडूळच,” जाऊ म्हणाली.

“लई ग्वाड हाय. उद्या आनि एक काडा.”

लोकरीनं ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. श्रावणात पुन्हा महिनाभर पडली. सासूबाई पुन्हा वाट्टेल ते बोलल्या. पण पडायची तशी ती उठायचीही. एक दिवस केस विंचरायची, दोन दिवस नाही. पुढच्या उन्हाळ्यात पापड लाटायला आपण होऊन पाट मांडून बसली. कोणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर उठून गेली असती.

सासरे लवकर गेले. सासूबाई खूप जगल्या आणि शेवटपर्यंत जावेला ‘आळशी’च म्हणत राहिल्या, तिच्याच हातचं जेवून. वेणीमाधव भावोजी कोर्टातून शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही, आणि त्या वर्षाबद्दल बायकोला कधी विचारलंही नाही. केराबाई एका दुष्काळात शेळ्या घेऊन दक्षिणेकडे गेली ती परत आली नाही. आमचे हे वकील झाले, तेही गेले.

जावेला तीन मुलं झाली. ते दुखणं आणखी दोनदा आलं आणि दोन्ही वेळा ती त्यातून उठली. गेली ती सत्तरी ओलांडून, साध्या न्यूमोनियानं. त्या खोलीत तिने मला कानडी शिकवायला घेतलं होतं. पुढे आम्ही दोघी सासूबाईंसमोर कानडीतच भांडायचो. ती भाषा मला अजून येते. घरात आता ती कोणाला कळत नाही. परवा भाजी निवडताना माझ्या तोंडून कानडीत काहीतरी निघालं, तर सून म्हणाली, “काय हवंय का, सासूबाई?” मी म्हटलं, काही नको.