आजोबांच्या खिशातली मीठदाणी

ऐका, मी मीठदाणी बोलतेय. काचेचं अंग, पत्र्याची टोपी. कारखान्यात मला घडवताना फुंकणाऱ्याला ठसका लागला, म्हणून पोट जरा सुटलंय. मिरीदाणीसोबत या घरी आले. ती आठवड्यात फुटली. मला मात्र बढती मिळाली, थेट आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात. त्यांना बीपी, त्यामुळे सूनबाई अळणी रांधायच्या.

त्यांची नात दोन महिने आधीच जन्मली, म्हणून नाव पडलं घाई. घरी आली तेव्हा माझ्यापेक्षा जेमतेम बोटभर मोठी, शपथेवर सांगते. मग कसर भरून काढायची म्हणून सगळं घर तिला भरवत सुटलं. उकडलेला बटाटा असो की काकडी, आजोबा आधी मला झटकणार, मग घास तिच्या तोंडात. शाळेत जायला लागली तोवर इतकी गुटगुटीत झाली, की झोपाळा कुरकुरायचा आणि घरातले कौतुकाने हसायचे.

मध्यंतरी डॉक्टरबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. मी खिशातच.

"अहो, तिचं काय मोजताय? बीपी मला आहे," आजोबा म्हणाले. कुणी खुर्ची पळवल्यासारखा चेहरा.

"आजोबा, लवकर जन्मलेल्या मुलांना पुढे रक्तदाबाचा, हृदयाचा, साखरेचा धोका थोडा जास्त असतो. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण लक्ष ठेवायचं. आईबरोबर येते तेव्हाही हिचं दर वेळी चढंच येतंय. मीठ-साखर कमी, खेळणं जास्त. नाही उतरलं तर औषधाचा विचार करावा लागेल."

आजोबा घरी येईपर्यंत खिसा मुठीत धरून चालले. मला तर पाणीच सुटलं.

जेवताना सवयीने त्यांनी मला ताटावर धरलं. घाईने आपलं ताट पुढे सरकवलं.

"मला पण."

"तुला नको सांगितलंय ना?"

"तुम्हाला पण नको सांगितलंय. मग दोघं खाऊ."

सूनबाईंचा वाढता हात थांबला. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चुगली केली. मग उठून मला कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून आले.

आता संध्याकाळी दोघं मैदानात जातात. परत येतात तेव्हा ती टुणटुणीत, हे धापा टाकत. पुढच्या आठवड्यात पुन्हा पट्टा बांधायचाय. काल आजोबा स्टुलावर चढले, मला हातात घेतलं, हलवलं. मीठ ओल धरून घट्ट झालेलं, आतून आवाज नाही. दाराशी घाई म्हणाली, "आजोबा, येताय ना?" त्यांनी मला आणखी मागे सरकवलं.

बाकीच्या वस्तू 'आम्हाला विसरू नका' म्हणून गळा काढतात. माझं उलटं आहे. मला खुशाल विसरा. फक्त ते स्टूल तेवढं कुणीतरी उचलून न्या.