संशयित वस्तू क्रमांक एक

माझ्यात काय आहे असं कोणी विचारलं, तर आधी मीच त्याला विचारतो, तुला कशाला हव्यात चौकशा? माफ करा, सवयीचा परिणाम आहे. मी एक थर्मास. दीड लिटरचा, निळ्या रंगाचा, बुडाशी एक पोचा असलेला. आयुष्याची तीन वर्षं मी अशा टेबलावर काढली, जिथे कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. संगतीचा गुण लागायचाच.

कारखान्यात मला दोन भिंती दिल्या, एक आत, एक बाहेर, आणि मधली हवासुद्धा काढून घेतली. आतली ऊब बाहेर जाऊ नये, बाहेरचा गारठा आत येऊ नये, म्हणून. तेव्हा कुंपणाविषयी दोन शब्द बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. आम्ही एका खोक्यात बारा भावंडं होतो. व्यापाऱ्याने सहा इकडच्या सरकारी कचेरीला विकली आणि सहा तिकडच्या. त्याला काय, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

मला आणलं ते सीमेवरच्या एका लांबट इमारतीत. तिच्या बरोबर मधून पिवळा पट्टा गेला होता. फरशीवरून, टेबलावरून, पलीकडच्या भिंतीवर चढून थेट छतापर्यंत. अलीकडे आपली माणसं, पलीकडे त्यांची. दर मंगळवारी बोलणी व्हायची. विषय तीन. कुंपण किती उंच करायचं, कुंपणातलं जुनं फाटक उघडायचं की नाही, आणि कोणी किती तोफा विकत घ्यायच्या.

पहिल्या दिवशी टेबलापलीकडे पाहिलं तर तिथे माझाच सख्खा भाऊ उभा. तोच निळा रंग, तेच पेल्यासारखं झाकण. मला गहिवरून आलं. मग लगेच वाटलं, हा तिकडे गेला कसा? आणि हा मला ओळख का दाखवत नाही? पाहा, पहिल्याच दिवशी मी असा झालो.

चहाची पद्धत तिथे ठरलेली होती. प्रत्येकाने आपापला चहा आणायचा, आपापल्या माणसाने ओतायचा, आणि पहिला घोट त्याच माणसाने सगळ्यांसमोर घ्यायचा. तो पाच मिनिटं जिवंत राहिला की मग साहेबलोक कप उचलणार. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर तोंड कुणाचंच पोळलं नव्हतं, नुसतंच फुंकणं चाललं होतं.

माझा चहा ओतायचे ते चहाकाका. तीस वर्षं सरकारी नोकरीत, आता निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. अंगाने काडी, चालणं इतकं हलकं की ते आत आलेले साहेबांना कधी कळायचं नाही. पलीकडच्या चहाचं काम एका मावशींकडे होतं. दोघांनी एकमेकांशी बोलायला सक्त मनाई होती. पण इमारत बांधणाऱ्याने नळ एकच काढला होता, पट्ट्याच्या अगदी काठावर. भांडी घासायला दोघांना तिथेच यावं लागे.

दारावर आपला तपासनीस असायचा. हा माणूस स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र विचारेल. तो मला हलवून पाहायचा, यंत्राखालून काढायचा, माझ्या पोच्यावर रोज बोट फिरवायचा, की काल होता तेवढाच आहे ना. कधी हसलेला दिसला नाही. मला त्याचा राग यायचा, पण मनातून पटायचंही. म्हटलं, हाच एक माणूस आपल्या जातीचा आहे.

बोलण्यांचं सांगायचं तर तोफांचं कलम भराभर पुढे सरकायचं. बाहेर सोफ्यावर एक गुळगुळीत दाढीचा पाहुणा बसलेला असे. मधल्या सुटीत तो आपल्या साहेबांशी हसून बोले, आणि चहा झाला की पलीकडच्या बाईसाहेबांशीही तेवढंच हसून बोले. दोघांनाही तो सांगायचा की समोरच्याकडे तुमच्यापेक्षा लांब पल्ल्याचा माल आहे. ऐकून मला आमच्या खोक्याची आठवण झाली.

घोडं अडायचं ते फाटकाशी. तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं, त्याच दिवशी टपालही थांबलं आणि फोनच्या ताराही कापल्या गेल्या. त्याआधी दोन्हीकडची गावं सोयरिकीने इतकी गुंतलेली होती की एकाच घरची सासू इकडे आणि सून तिकडे. आता आपल्या साहेबांचं म्हणणं, फाटक उघडलं की हेर येतील. बाईसाहेबांचं म्हणणं, आम्हीही तेच म्हणतोय. या एका मुद्द्यावर त्यांचं किती एकमत होतं, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

मग एका मंगळवारी मला काकांचा संशय आला.

नळाखाली मी उपडा होतो, पाणी धो धो वाहत होतं, आणि मावशी मान वर न करता काहीतरी पुटपुटल्या. मला फक्त शेवटचं ऐकू आलं. "झाला, भाऊ. दोघंही बरे आहेत." काकांच्या हातातून मी निसटता निसटता राहिलो. मग मला त्यांनी एवढा वेळ घासलं की माझा रंग जायची वेळ आली.

काय झालं? कोण दोघं? आणि आपला माणूस त्यांच्या माणसाकडून खबर का घेतो? इथे पाणी मुरत होतं हे नक्की.

वर्षभर मी काकांवर नजर ठेवली. मग एका मंगळवारी माझं झाकण घालताना आत काहीतरी कागदासारखं करकरलं. मोठ्या झाकणाच्या आत, बुचाच्या वर. तपासनीस मला यंत्राखाली घालायचा तेव्हा झाकण काकांच्या हातात असायचं, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. एवढ्या चौकस माणसाची एवढीच एक चूक होती. घासायच्या वेळी काकांनी माझं झाकण भावाच्या डोक्यावर ठेवलं आणि भावाचं माझ्या. फिरकी तंतोतंत बसली. एकाच साच्यातले आम्ही, कुणाला कळणार?

मी हादरलो. तीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लेला माणूस घरभेदी निघाला. मला वाचा असती तर मी त्याच क्षणी तपासनीसाला हाक मारली असती. आज हे सांगताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

असं पाच मंगळवार चाललं. सहाव्या मंगळवारी सकाळी तोफांच्या कलमावर सह्या झाल्या. बाहेरचा पाहुणा बॅग उचलून निघून गेला. बहुधा सगळ्यांना हायसं वाटलं असावं, कारण दुपारच्या चहाला बाईसाहेब अचानक म्हणाल्या की बुधवारी आणि रविवारी, फक्त नातेवाइकांसाठी, फाटक उघडायला त्यांची हरकत नाही. आपल्या साहेबांनी डोकं खाजवलं, शेजारच्याच्या कानाला लागले, आणि म्हणाले, "ठीक आहे. लिहून घ्या."

काका माझ्यामागे उभे होते. त्यांचा हात माझ्या कडीवर होता. बुधवार आणि रविवार. त्यांनी त्या आनंदात माझं झाकण फिरवलं. कुठे फिरवतोय, कुणासमोर फिरवतोय, आत काय आहे, कशाचंच भान नव्हतं. चौकोनी घडी केलेला कागद टेबलावर पडला. नेमका पिवळ्या पट्ट्यावर.

दोन्हीकडून हात एकदम पुढे आले.

तपासनिसाने कागद मोठ्याने वाचला. "बाळाला दात किती आले? वरचे आधी आले की खालचे? रांगतो की उभा राहायला लागला? जावयांचा खोकला कसा आहे? आई म्हणते, ऊब जपा, वारा पूर्वेचा सुटलाय."

बाईसाहेबांचा चेहरा पांढरा झाला. दात म्हणजे तोफा, त्या म्हणाल्या, दुसरं काय असणार? वरचे म्हणजे टेकडीवरचं ठाणं. आपले साहेब म्हणाले, अहो, हा तर तुमचाच माणूस दिसतोय, आमच्यात पेरलेला. खोकला म्हणजे गोळीबार, हे त्यांच्या मदतनिसाने शोधून काढलं. आई म्हणजे मुख्यालय, यावर मात्र दोन्ही बाजूंचं लगेच एकमत झालं. सगळे मिळून साप साप म्हणत भुई धोपटत होते. फाटकाचं कलम लिहिलेला कागद साहेबांनी तिथल्या तिथे फाडला. तोफांच्या कागदाला कुणी हात लावला नाही. त्यावर सह्या झालेल्या होत्या.

काका एवढंच म्हणाले, "मुलगी आहे माझी तिकडे. फाटक बंद झालं तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. नातू मी पाहिलेला नाही." कुणी विश्वास ठेवला नाही. मी ठेवला. आणि पाच मंगळवार ज्याच्याबद्दल मी वाईटसाईट विचार करत होतो, त्याच्याकडे पाहायची माझी छाती होईना. उघडता उघडता ते फाटक काकांच्याच हाताने पुन्हा बंद झालं होतं, आणि ते त्यांना कळत होतं.

आता पुढचा प्रश्न, खरं-खोटं करायचं कसं? दोन्ही बाजूंनी हट्ट धरला की काकांच्या त्या मुलीला समोर आणा. आपल्याला त्यांना उघडं पाडायचं होतं, त्यांना आपल्याला. म्हणून हे चटकन ठरलं.

पुढच्या मंगळवारी ती आली. कडेवर पोर. मला पुरावा म्हणून टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं, गळ्यात चिठ्ठी बांधून. काका अलीकडे उभे, ती पलीकडे. साहेब आणि बाईसाहेब खुर्च्या ओढून बसले. ती काकांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, किती बारीक झालात हो."

"प्रश्न विचारल्याशिवाय बोलायचं नाही," तपासनीस म्हणाला. मग त्याने वही उघडली. "मुलाला दात किती?"

"आठ."

"वरचे?"

"चार."

तपासनिसाने पट्ट्यापलीकडे हात नेऊन पोराच्या तोंडात बोट घातलं. पोराने करकचून चावलं. तपासनिसाने बोट पाहिलं आणि वहीत लिहिलं, आठ. त्याच शांतपणे त्याने खोकल्याची, रांगण्याची, आजीच्या निरोपाची चौकशी केली. सगळं जुळलं. डोंगर पोखरून उंदीर निघाला होता, आणि तोही आठ दातांचा.

काकांनी घसा खाकरला. "साहेब, आरोप माझ्यावर आहे. दात मी मोजून घेतले तर चालेल का? खात्रीसाठी."

साहेबांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. बाईसाहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात मनाई कुठे सापडेना. पोर टेबलावरून, माझ्या डोक्यावरून अलीकडे आलं. काकांनी ते छातीशी धरलं आणि दात मोजायला घेतले. आठ दात मोजायला त्यांना पाऊण तास लागला. मधेच चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मुलगी पट्ट्याच्या कडेला उभी राहून रडत होती आणि हसतही होती. कुणी त्यांना घाई केली नाही.

मला वाटलं, संपलं. आता निर्दोष म्हणून सोडतील, आणि निर्दोष माणसाला या इमारतीत येण्याचं कारण उरत नाही. काकांची चहाची नोकरी तर गेलीच होती. पण तपासनिसाने वही मिटताना शेरा वाचून दाखवला, "संशय पूर्णपणे फिटलेला नाही. दोघांनी पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर राहावं. मुलासह."

मला वाटलं, किती दगडाच्या काळजाचा माणूस आहे हा.

त्यानंतरच्या मंगळवारीही संशय फिटला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि ही बातमी दोन्हीकडच्या गावांत पसरली. हळूहळू मुद्देमालाच्या खोलीतली माझी फळी भरू लागली. एक छत्री आली, तिच्या दांड्यात चिठ्ठी सापडली. कुणाचा जोडा आला, कुणाचा जेवणाचा डबा. चिठ्ठ्या इतक्या बावळटपणे लपवलेल्या की आंधळ्यालाही सापडाव्यात. प्रत्येकीतल्या सांकेतिक भाषेचा छडा लावायचा तर पलीकडून भावाला, आत्याला, सासूला बोलवावंच लागे. मंगळवारी बाहेरच्या बाकावर जागा मिळेनाशी झाली. फाटकाचं कलम अजूनही चर्चेत आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी तपासनीस एकटाच या खोलीत आला. दार लावून घेतलं. फळीवरच्या आम्हा सगळ्यांवरून नेहमीसारखी नजर फिरवली. मी सावध झालो. मग त्याने खिशातून स्वतःची चष्म्याची पेटी काढली, एक चौकोनी घडी केलेला कागद तिच्या अस्तराखाली सरकवला, पण एक कोपरा नीट दिसेल असा बाहेर ठेवला. पेटी त्याने माझ्याशेजारी मांडली. तिला चिठ्ठी बांधली, आणि आपल्याच सुबक अक्षरात तिच्यावर लिहिलं, "अतिशय संशयास्पद." खाली साक्षीदार म्हणून जिला बोलवायचं, तिचा पत्ता होता पलीकडचा. नात्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, थोरली बहीण.

म्हणून आता मला कुणी सोडवायला येऊ नका. माझ्या झाकणात काही नाही हे तुम्हाला कळलंच आहे, पण ते आपल्यात राहू द्या. उद्या एखादा भला माणूस येईल आणि आम्हा सगळ्यांना निर्दोष ठरवून मोकळा होईल, याचीच मला धास्ती आहे. तुम्हाला काही करायचंच असेल तर एवढं करा. आमच्यावर संशय घेत राहा, निदान मंगळवारपर्यंत तरी.