डबा रिकामा देऊ नये

उल्काचा हिशेब सरळ होता. आईचं विरजण डेअरीत लागू पडलं, तर लॅबची प्रमुख तीच. वर आताच्या प्रमुखांची, सूर्यकांत सरांची, रोजची बोलणी बंद.

गुरुग्रामच्या त्या डेअरीत दही लागेना झालं होतं. दह्याच्या जिवाणूंत विषाणू शिरे, त्यांना फोडून बाहेर पडे. सकाळी टाकीभर दूध ते दूधच. पण जे जिवाणू अशा हल्ल्यातून वाचतात, ते शत्रूचा एक तुकडा अंगात जपून ठेवतात. तो पुन्हा आला की ओळखतात आणि कापून काढतात. आईचं विरजण तर लग्नानंतर साताऱ्याहून आलेलं, दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरपासून रोज चमचाभर मागे ठेवत जगवलेलं. त्याने किती शत्रू पचवले असतील!

आई गेल्यापासून दही बाबा लावत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"बाबा, थोडं जामन हवंय."

"विरजण म्हण. तुझ्या आईने जन्म दिल्लीत काढला, पण जामन कधी म्हणाली नाही." त्यांनी आईचं नाव कोरलेल्या डब्यात काढून दिलं. "डबा परत आण हं."

विरजण लागू पडलं. टाक्या जमू लागल्या. सूर्यकांत सर पुण्याचे, रीतभात सांभाळणारे. डबा परत देताना त्यांनी टाकीतलंच दही भरलं.

"रिकामा कसा देऊ? काकांना सांग, लेक माहेरपणाला आलीय!"

बाबा हसले. त्यांनी घरचं उरलेलं दही त्यातच मिसळलं आणि त्याचंच विरजण लावलं.

विषाणू मात्र गप्प बसला नव्हता. ज्या तुकड्यावरून जिवाणू त्याला ओळखत, नेमका तोच बदलून, नव्या तोंडवळ्याने तो डब्यातून घरी आला होता.

सकाळी दूध ते दूधच. "थंडी आहे," म्हणत बाबांनी भांडं आईच्या शालीत गुंडाळलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाल घडी करून कपाटात ठेवली.

"अगं, आपल्या लॅबच्या फ्रीझरात आहे की!" सर म्हणाले. होतं, पण आईच्या विरजणातले दणकट जिवाणू तेवढे निवडून ठेवलेले. उल्काने तेच घरी आणलं. सुरीने कापावं असं दही लागलं.

बाबांनी बोटभर चाखलं.

"छान आहे. पण हे जामन आहे, उल्का."

तिकडे टाक्याही त्याच विषाणूने जमेनाशा झाल्या होत्या; डेअरीने दुसरे जिवाणू आणले, टाक्या पुन्हा जमल्या. सरांना बढती, उल्काला लॅब, विषाणूला गोतावळा. ज्याला त्याला काही ना काही मिळालं. गेलं ते एकट्या बाबांचं. आईचं तेवढंच त्यांच्याजवळ जिवंत उरलं होतं.