माळ्याचा प्रवेश

ही गोष्ट मी आजवर दोनशे वेळा तरी सांगितली असेल. टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितली, नटमंडळींच्या जेवणावळीत सांगितली, माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा सांगितली. दर वेळी हशा मिळाला. आणि दर वेळी ती खोटी होती.

माझं नाव विल्फ्रेड ॲन्स्टी. नावावरून कुणाला काही आठवत नाही, पण चेहरा पाहून लोक रस्त्यात थांबतात. "अहो, तुम्ही ते... ते हे ना?" हो, मी ते हेच. वकील, पाद्री, दुसऱ्या अंकात मरणारा कर्नल आणि मुख्य म्हणजे बटलर. एका मालिकेत तर सलग अकरा वर्षं बटलर. नायकाचा कोट घ्यायचा, दार लावायचं आणि निघायचं, यात माझी साठ वर्षं गेली. पोटभर मिळालं, तक्रार नाही. लाज आहे ती या सगळ्याच्या सुरुवातीची.

१९५९ साल. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या एका गिरणगावात आमची नाटक कंपनी होती. दर सोमवारी नवं नाटक लागायचं. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग आणि मधल्या वेळात आमच्या घरमालकीण ऑलरेनशॉबाईंच्या स्वयंपाकघरात पाठांतर. बाई जेवायला घालायच्या त्या खोलीभाड्यातच, त्यामुळे वाढायच्याही बेतानंच. डोक्यात कायम तीन नाटकं घुमत असायची, म्हणून उड्या पडायच्या. उडी म्हणजे असं, की एकच प्रश्न नाटकात दोनदा आला तर नट पहिल्या वेळीच दुसऱ्या वेळचं उत्तर देऊन बसायचा आणि नाटक आठ-दहा पानं पुढे जायचं. मग बाकीच्यांनी मुकाट्यानं तिथून पुढे चालू करायचं. उडीबद्दल कुणी कुणाला बोल लावत नसे. आमच्याकडे ती सर्दीसारखी होती, आज तुला, उद्या मला.

एंट्री हुकणं मात्र वेगळं. ज्यानं एंट्री हुकवली त्याचं नाव स्टेज मॅनेजर ग्रिमशॉसाहेबांच्या वहीत जायचं आणि ती वही मालक वाचायचे.

माझ्याच खोलीत एडगर पिलिंग राहायचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, हाडकुळा, कान बाहेर आलेले. त्या आठवड्याच्या नाटकात मी बटलर होतो, तिन्ही अंक रंगमंचावर. एडगर म्हातारा माळी, दुसऱ्या अंकात फक्त सहा मिनिटं. माळी येतो आणि आपली डेलियाची रोपं कुणी तुडवली म्हणून तक्रार करतो. घरात मालकाचा खून झालाय हे त्याला ठाऊकच नसतं. लिहिणाऱ्यानं त्यात फार काही लिहिलं नव्हतं. पण एडगर आत यायचा, टोपी काढायचा, ती कुठे ठेवावी ते त्याला कळायचं नाही आणि सहा मिनिटं तो ती टोपी नुसती सांभाळत राहायचा. लोक आधी खो खो हसायचे, मग एकदम गप्प व्हायचे. मंगळवारपासून त्याच्या जाण्यावर टाळी पडायला लागली. मी शेजारी ट्रे घेऊन उभा असायचो.

बुधवारी मला लंडनहून पत्र आलं. फेनिमोर नावाचे एक बडे गृहस्थ नव्या नाटकासाठी नट शोधत होते. गुरुवारच्या दुपारच्या खेळाला ते येणार होते, खास मला पाहायला. मी दिवसभर हवेत होतो. संध्याकाळी पुन्हा एडगरचा प्रवेश पाहिला आणि जमिनीवर आलो. हा सगळा भाव खाऊन जाणार. मला पाहायला आलेला माणूस जाताना माळ्याचं नाव विचारणार.

दुपारच्या खेळाला सगळ्या पेन्शनवाल्या बायका. मांडीवर चहाचे ट्रे, कपबशांचा खडखडाट. दुसऱ्या अंकात नाटकातल्या बाईसाहेबांनी मला विचारलं, "डॉक्टर आले का?" हा प्रश्न अंकात दोनदा होता. पहिल्यांदा माझं उत्तर होतं, "नाही बाईसाहेब. पण माळी दाराशी उभा आहे." मी विंगेत पाहिलं. एडगर तिथेच होता. मोठे बूट, चिकटवलेल्या मिशा, हातात टोपी. त्यानं मला डोळा मारला.

मी म्हणालो, "आलेत, बाईसाहेब. वर आहेत."

आठ पानं गेली, आणि त्यांच्याबरोबर माळ्याचा अख्खा प्रवेश. प्रेक्षकांना पत्तासुद्धा लागला नाही. पडदा पडल्यावर मी डोकं धरून बसलो, जणू चुकून झालं. ग्रिमशॉसाहेब वही घेऊन तणतणत आले. "कुणाचा प्रताप हा?"

मी तोंड उघडायच्या आत एडगर म्हणाला, "माझा, साहेब. चहा पीत बसलो होतो, एंट्री हुकली. विल्फनं सांभाळून घेतलं म्हणून बरं."

मी तोंड मिटलं. तो असं का म्हणाला हे मी विचारलंसुद्धा नाही. फेनिमोरनी मला लंडनला नेलं. हंगाम संपल्यावर कंपनीनं एडगरला पुन्हा घेतलं नाही. तो रॉचडेलला एका दुकानात गालिचे विकायला लागला आणि संध्याकाळी हौशी मंडळींची नाटकं बसवायला लागला. दर नाताळात त्याचं कार्ड यायचं. आणि मी मात्र जाईन तिथे 'चहा पीत बसलेला एडगर आणि नाटक वाचवणारा मी' ही गोष्ट रंगवून सांगत राहिलो. नालायकपणाची हद्द म्हणजे चहाच्या जोडीला त्याच्या हातात मी बिस्किटही दिलं. बिस्किटावर हमखास हशा पडायचा.

गेल्या महिन्यात म्हाताऱ्या नटांच्या आश्रमातून पत्र आलं. तिथल्या व्यवस्थापक मिस अडेयेमींनी लिहिलं होतं, 'दुपारच्या चहाला या आणि ती एंट्री हुकल्याची गोष्ट सांगा. तुमचे मित्र पिलिंग आता इथेच असतात. त्यांनाही ती ऐकायची आहे.'

मी ठरवलं, या वेळी खरं सांगायचं. त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर. गाडीत चार वेळा पाठ केलं.

एडगर पहिल्या रांगेत खुर्चीत होता. डोळे जवळजवळ गेलेले, कान तसेच. मी त्याचा हात धरला तर म्हणाला, "हात गार पडलेत की रे तुझे. बटलर घाबरला की काय?"

मी बोलायला उभा राहिलो. मागून डल्सी नावाच्या जुन्या नर्तकीनं हाक दिली, "ए बटलर, मोठ्यानं बोल! इथे निम्म्यांच्या कानात यंत्रं आहेत आणि त्यातली निम्मी बंद आहेत!"

सगळे हसले. तो हशा कानावर पडला आणि माझं पाठांतर धुऊन निघालं. जीभ आपोआप जुन्या वाटेला लागली. ऑलरेनशॉबाई आल्या, ग्रिमशॉसाहेब आले, चहा आला. बिस्किटसुद्धा आलं. मी एडगरकडे न बघता बोलत होतो. मला माझीच किळस येत होती आणि तरी मी हशासाठी बरोबर जागी थांबत होतो.

"आणि मग बाईसाहेबांनी विचारलं..." मी म्हणालो आणि श्वास घेतला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाईसाहेबांच्या थाटात आवाज आला, "डॉक्टर आले का?"

एडगरनं विचारलं होतं. त्याचे ते अधू डोळे माझ्याकडे होते.

मी म्हणालो, "नाही, बाईसाहेब. पण माळी दाराशी उभा आहे."

एडगर काठी टेकत उठला. टोपी नव्हती, म्हणून मांडीवरचा रुमाल घेतला. आणि त्यानं प्रवेश केला. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, एक शब्द चुकला नाही. रुमाल कुठे ठेवावा ते त्याला कळेना. डल्सी आधी खिदळली, मग तिनं तोंडावर हात धरला. मी शेजारी उभा होतो, हातात ट्रे असल्यासारखा. साठ वर्षांपूर्वी मला वाटलेली भीती अगदी बरोबर होती. फेनिमोरनी हे पाहिलं असतं तर मला कुणी विचारलं नसतं.

टाळ्या थांबेनात. मिस अडेयेमी म्हणाल्या, "किती छान बसवलंत हो दोघांनी! कधी केलीत तालीम?"

तेव्हा मात्र मी बोललो. "त्याची एंट्री हुकली नव्हती. तो विंगेत उभा होता, मी त्याला पाहिलं आणि मुद्दाम उडी मारली. त्याचं काम लंडनच्या माणसाला दिसू नये म्हणून. साठ वर्षं मी खोटं सांगतोय."

खोलीत एकच हशा उसळला. आयुष्यात मिळाला नव्हता एवढा मोठा हशा. "काय चेहरा ठेवलाय बघ!" डल्सी डोळे पुसत म्हणाली. "एक रेषसुद्धा हलत नाही! बटलर तो बटलरच!"

मी खाली बसलो. एडगर हसला नव्हता. त्यानं चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"विसरलेला माणूस माळ्याकडे बघत नाही रे, प्रॉम्प्टरकडे बघतो," तो म्हणाला. "आणि तुझं लंडनचं पत्र ऑलरेनशॉबाईंच्या टेबलावर उघडंच पडलं होतं."

"मग वहीत स्वतःचं नाव का घातलंस?"

"फेनिमोर पडद्यामागे यायच्या बेतात होता. त्याच्यासमोर तुझं नाव निघालं असतं तर तुझं लंडन गेलं असतं. तेवढी वेळ निभावली. म्हटलं, दुपारी भेदरलाय, शुक्रवारी खरं सांगेल."

"कुठल्या शुक्रवारी?"

"दुसऱ्याच दिवशी," एडगर म्हणाला. "शनिवारपर्यंत वाट पाहिली मी."