न उघडलेला खोका

टिचकीकाकांनी जळका तुकडा तळहातावर उलटा केला आणि लोखंडी पट्टीच्या मागच्या भोकात करंगळीचं नख घातलं. नखाला खरखर लागली नाही. भोकाच्या तळाशी लोखंडच होतं.

“नकली,” ते म्हणाले.

टेबलापलीकडच्या पोलीस अधिकाऱ्याने अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

“एवढ्यात?”

“एवढ्यातच.”

“चष्मा तरी लावा, काका. एक बाई गेलीय यात. गाडी चालवणारा तिचा भाऊ दोन्ही पाय मोडून पडलाय.”

“चष्म्याचं काम नाही ह्यात, साहेब.” काकांनी तुकडा पुढे धरला. “हा ब्रेकपॅड. चाकाची चकती अशा दोन पॅडच्या चिमटीत सापडते तेव्हा गाडी थांबते. पुढे हा काळा मसाला, पाठीला ही लोखंडी पट्टी. खऱ्या मालात पट्टीला आरपार भोकं असतात. मसाला दाबून भरला की तो भोकांतून मागे येतो आणि पट्टीला धरून ठेवतो. मागून नख लावलं तर मसाला लागतो, खरखरीत. इथे भोकंच नाहीत. ठोकून खळगे पाडलेत आणि वरून रंग फासलाय. मसाला नुसता चिकटवलेला. तापला की सुटणार.”

“उतारावर सुटला.”

“तिथेच सुटणार. सपाटीवर महिनोन् महिने कळलं नसतं.”

अधिकारी लिहू लागला. मध्येच थांबून त्याने विचारलं, “माल कुठला असेल?”

काकांनी तुकडा नाकाशी नेला, मग पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. “कारखान्यातला नाही. पट्टी कातरलीय, साच्यातून निघालेली नाही. कड बघा, बोट कापेल. मसाल्यात लाकडाचा भुसा आहे. एखाद्या गोदामात चार माणसं बसून करत असतील. खोका मात्र चांगला मिळाला असेल तुम्हाला.”

“तो कसा ओळखला?”

“भंगारातून खऱ्या मालाचे रिकामे खोके उचलतात आणि त्यात हे भरतात. खोक्यासारखं दुसरं काही विकलं जात नाही.”

अधिकाऱ्याने खण ओढला आणि एक निळा खोका टेबलावर ठेवला. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये तो सापडला होता. वरच्या बाजूला पांढऱ्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव, मालाचा क्रमांक, महिना, वर्ष. काकांचा हात खोक्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग त्यांनी हात टेबलाखाली मांडीवर नेऊन ठेवला.

“मिस्त्रीचा जबाब एकदा वाचून घ्या,” अधिकाऱ्याने एक कागद सरकवला. “त्याच्याखाली तुमचं मत लिहितो. वाचता येतं ना?”

“येतं.”

काकांनी खिशातून चष्मा काढला, धोतरासारखा मऊ झालेला रुमाल काढून पुसला, मग लावला. बोट अक्षराखाली ठेवून ते वाचू लागले. शेवटच्या दोन ओळी त्यांनी तीनदा वाचल्या. *हे ब्रेकपॅड बसवण्याआधी मी कोणाला दाखवले नाहीत. त्या दिवशी मी घाईत होतो.*

“म्हातारपणी शिकलात वाटतं,” अधिकारी चांगुलपणाने म्हणाला. “चालू द्या, गडबड नाही.”

काका सुट्या भागांच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या स्टुलावर चाळीस वर्षं बसत होते. दुकान दुसऱ्याचं, कान त्यांचा. बेअरिंग असो, पट्टा असो, पंपाची वाटी असो, ते आधी नखाने टिचकी मारत आणि मान तिरकी करून ऐकत. म्हणून ते नाव पडलं. अक्षर ओळखता येत नसल्यामुळे खोक्यावर काय छापलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. खोका बाजूला फेकायचा आणि माल हातात घ्यायचा. आसपासचे मिस्त्री दुसरीकडून आणलेला मालही त्यांच्यापुढे ठेवत. काका मान हलवत, मग तो गाडीत जाई.

दोन वर्षांपूर्वी मुलीने त्यांना वाचायला शिकवलं. रात्रीची भांडी झाली की ती पाटी घेऊन समोर बसे आणि चुकलं की त्यांच्याच पद्धतीने त्यांच्या डोक्यात टिचकी मारे. बासष्टाव्या वर्षी काकांना रस्त्यावरच्या पाट्या बोलू लागल्या. औषधाची बाटली, बसच्या कपाळावरचं नाव, दुकानातल्या चाळीस वर्षांच्या फळ्या, सगळं एकदम बोलू लागलं.

आणि त्या सकाळी दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. सावकाश मिस्त्री हा निळा खोका घेऊन आला. त्याला सगळे सावकाशच म्हणत, कारण कुठलंही काम विचारलं की तो म्हणे, “होईल, सावकाश.” दुकानात दोघंच होते. काकांनी चष्मा लावला आणि खोका उजेडात धरून चिठ्ठी मोठ्याने वाचली. कंपनीचं नाव न अडखळता. क्रमांकाचे नऊच्या नऊ आकडे. महिना. वर्ष.

“वा, काका! आता कलेक्टरच व्हा,” सावकाशने टाळी वाजवली. मग म्हणाला, “काढून बघता ना एकदा? माल नवीन माणसाकडचा आहे.”

“वाचलं ना आत्ता? सगळं बरोबर आहे. बसव.”

खोका उघडलाही नव्हता.

काकांनी जबाब टेबलावर ठेवला. “पाणी पिऊन येतो,” ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर सावकाशची बायको मांडीवर डबा घेऊन बसली होती. काका दिसताच ती उठली.

“काय म्हणाले, काका?”

“नकली निघाला.”

“ते मलाही माहीत होतं.” ती परत बसली. काकाही बसले. “मला एवढंच सांगा, काका. हे दिवसातून दोनदा तुमच्या दुकानावरून जातात. साधा नट आणला तरी तुम्हाला दाखवतात. मी चहाची गाळणी आणली होती, तर म्हणाले, थांब, काकांना दाखवून येतो. खरंच घेऊन आले होते ना?”

“आला होता.”

“काय म्हणालात तुम्ही?”

“म्हटलं, गाळणी असली आहे. चहा नकली असेल तर मी जबाबदार नाही.”

ती हसायला गेली आणि हसू गालातच राहिलं. डब्याच्या कडीशी तिची बोटं चाळा करत होती.

“लग्नाला उशिरा आले. पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात आले तर ती दूध पिऊन झोपली होती. दारातूनच विचारतात, झालं का? अख्ख्या जन्मात या माणसाने कधी घाई केली नाही, काका. मी कितीदा डोकं आपटून घेतलं. आणि केली ती नेमकी तिथे.”

काकांनी तोंड उघडलं. समोरून शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन गेला. काकांनी तोंड मिटलं.

“तीन दिवस झाले, मी त्यांच्याशी बोलले नाही,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “डबा शिपायाकडे देते आणि जाते. आत गेले तर काय बोलू? ती बाई माझ्या आईच्या वयाची होती. तुम्हाला दाखवायला पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटं.”

काका उठले. गुडघ्यावर हात टेकून उठावं लागलं. पाणी न पिताच ते आत गेले आणि खुर्चीत न बसता टेबलाशी उभे राहिले.

“साहेब, तो जबाब खोटा आहे. त्याने मला दाखवलं होतं. मी पास केलं.”

अधिकाऱ्याने मान वर केली. “काय?”

“खोका वाचला आणि बसव म्हटलं. माल बघितला नाही. तो म्हणत होता, काढून बघा. मीच नाही म्हटलं.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मग त्याने शिपायाला हाक मारली आणि मिस्त्रीला आणायला सांगितलं.

सावकाश आला तो हळूहळूच. तीन दिवसांची दाढी वाढली होती आणि कोठडीत कमरेचा पट्टा काढून घेतल्यामुळे एका हाताने विजार धरलेली होती. काकांना पाहून तो दाराशीच थांबला.

“हे म्हणतायत, तू पॅड यांना दाखवले होते,” अधिकारी म्हणाला.

सावकाशने फरशीकडे पाहिलं. “नाही, साहेब.”

“अरे!” काका त्याच्याकडे वळले. “शटर नुकतंच उघडलं तेव्हा आला होतास. टाळी वाजवलीस. म्हणालास, माल नवीन माणसाकडचा—”

“दुसऱ्या कुठल्या दिवशी आलो असेन, काका. मी तर रोजच येतो.”

“माझ्या डोळ्यात बघून सांग.”

सावकाशने मान वर केली. “काका मला पोरासारखं मानतात, साहेब. त्यांचं मनावर घेऊ नका. आमच्या भागात शेकडो गाड्या यांच्या शब्दावर फिरतात. ह्यांनी पॅड बघितले असते तर ही वेळच आली नसती.”

तो अजून काकांकडेच पाहत होता. आवाजात राग नव्हता. काकांनाच मान खाली घालावी लागली.

“घेऊन जा त्याला,” अधिकारी शिपायाला म्हणाला. पावलं दूर गेल्यावर तो खुर्चीतून थोडा पुढे झुकला. “काका, बसा. बसा हो. माया समजते मला. पण तुम्हीच विचार करा. जळून कोळसा झालेला तुकडा तुम्ही चष्म्याशिवाय एका क्षणात ओळखला. माझ्यासमोर. आणि तोच माल नवा कोरा असताना तुम्हाला ओळखता आला नाही? कोण मानेल?”

“मी हातात घेतलाच नव्हता.”

“तेच म्हणतोय. तुमच्यासारखा माणूस हातात घेतल्याशिवाय पास करेल, हे मला खरं वाटत नाही.” त्याने कागद पुढे केला. “तुमचं मत इथे आहे. पट्टीला आरपार भोकं नाहीत, मसाला चिकटवलेला, माल बनावट. हे बरोबर आहे ना?”

“हे बरोबर आहे.”

“मग सही करा. बाकीचं मी ऐकलं नाही असं धरतो. उगाच या वयात स्वतःला अडकवून घेऊ नका.”

पेन काकांच्या हातात होतं. त्यांनी कागद वाचला नाही. नावाचं पहिलं अक्षर काढलं, थांबले, मग उरलेली काढली. शेवटचं अक्षर रेघेच्या खाली उतरलं.

बाहेर सावकाशची बायको बाकापाशी उभी होती. डबा तिच्या हातात नव्हता. शिपाई तिच्याशी काहीतरी बोलून नुकताच वळला होता.

“काका,” ती म्हणाली. “त्याने सांगितलं मला. तुम्ही आत काय बोललात ते. आमच्यासाठी स्वतःवर घ्यायला निघालात?”

“पोरी, ऐक—”

“नका बोलू काही. कोण करतं कोणासाठी एवढं? सख्ख्या दिराने फोन उचलला नाही.” तिने डोळे पुसले. “आणि आमचं माणूस बघा. पाच मिनिटं थांबता आलं नाही त्यांना.”

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

इमारतीच्या पायऱ्या उंच होत्या आणि कठड्याचा पाइप निघून गेला होता. तिने त्यांचा दंड धरला आणि एकेक पायरी मोजावी तशी त्यांना खाली उतरवलं. पायऱ्या संपल्या, फाटक आलं, रस्ता सुरू झाला. तरी तिने हात सोडला नाही, आणि काकांनी तो सोडवून घेतला नाही.