झुंजीचा बैल आणि मो वैद्यांची सुई

मित्रांनो, नदीच्या बाजूने झांजेचा आवाज आला की माझे कान अजूनही ताठ होतात. दात झिजले, शिंगांची टोके बोथट झाली, उजव्या डोळ्याला आता फक्त ऊन आणि सावली कळते. पण तो आवाज ऐकला की वाटते, दावे तोडावे आणि थेट वाळूत उतरावे! होय, मी चॉंगदो भागातला झुंजीचा बैल. नाव दोलसे, म्हणजे दगड आणि लोखंड. आता वीस वर्षांचा आहे, आणि बैलाच्या जातीत वीस म्हणजे पणजोबाच. माझ्या शिंगांच्या गोष्टी गावात पुष्कळ जण सांगतील. मला तुम्हाला सुईची गोष्ट सांगायची आहे.

जन्मलो तेव्हा मी इतका किरकोळ होतो की माझा मालक पिल्सू म्हणाला, "हे वासरू आहे की कुत्र्याचं पिल्लू?"

त्याची बायको ओकबुन पेंढ्याच्या बोळ्याने माझे अंग चोळत होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्या आईनं सांगितलंय मला. तुम्ही जन्मलात तेव्हा शेजारणीला वाटलं, घूसच शिरली घरात."



ओकबुनने मला वाढवले. पेंढा, सोयाबीनची टरफले आणि कोंडा मोठ्या कढईत शिजवून ती माझी आंबोण करायची. तिची वाफ नाकात गेली की मी गव्हाणीला ढुशा देऊ लागायचो. पिल्सूने मला झुंज शिकवली. दगड भरलेला ट्रकचा टायर ओढत मी टेकडी चढायचो, आणि उतारावर बांधाच्या मातीला शिंगे लावून रेटायचो. सहाव्या वर्षी माझे वजन आठशे किलोच्या वर गेले, आणि त्या वसंतात मी लागोपाठ चार झुंजी जिंकलो! आमच्याकडे झुंज म्हणजे जीव घेणे नव्हे. दोन बैल कपाळाला कपाळ लावून रेटतात. ज्याने पाठ फिरवली तो हरला. चौथा बैल पाठ फिरवून पळाला तेव्हा पिल्सूने माझ्या तोंडात तांदळाच्या दारूची अख्खी किटली ओतली, आणि सारा गाव माझ्याभोवती नाचला.

आता पुढच्या वसंतात एकच बैल उरला होता, उइर्यंग गावचा. त्याला सगळे काळा वाघ म्हणत. तो तीन वर्षे हरला नव्हता.

आणि हिवाळ्यात, टेकडीवरच्या गोठलेल्या पायवाटेवर, माझा मागचा उजवा पाय घसरला.

पडलो नाही, पण मांडीच्या वर, खुब्याशी काहीतरी आवळले गेले. दुसऱ्या दिवशी तो पाय टेकवेना. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी तपासले. हाड शाबूत होते. इंजेक्शनांनी सूज उतरली, पण आवळलेले सुटले नाही. तीन आठवडे मी पाय फरफटत गोठ्यात फिरलो. एक दिवस दारात परका ट्रक थांबला. उतरलेल्या माणसाने माझ्या शिंगांकडे पाहिलेही नाही. त्याने माझ्या पुठ्ठ्यावर हात थापटून पाहिला. मित्रांनो, बैलाला खाटकाचा हात ओळखता येतो.

ओकबुनने त्या माणसाला फाटकातूनच परत पाठवले आणि नवऱ्याला म्हणाली, "मो वैद्यांना बोलवा."

"सुईवाल्याला?" पिल्सू हसला. "माझ्या बैलाला काय रफू करायचंय?"

"माझा खांदा विसरलात?"

तो खांदा मी स्वतः पाहिला होता. शरद ऋतूत ओकबुनचा उजवा हात खांद्यातून असा आखडला की वेणीही घालता येईना. मो वैद्य आले, ओसरीवर बसले आणि त्यांनी सुई टोचली ती डाव्या पायाच्या नडगीजवळ! मग म्हणाले, "आता हात वर करा, वहिनी." ओकबुन कुरकुरली, "दुखतंय वर, आणि टोचताय खाली." पण तिने हात उचलला. तो छातीपर्यंत आला, कानापर्यंत आला, आणि मग एकदम इतका वर गेला की वळचणीला वाळत घातलेल्या पर्सिमनच्या फळांची माळ तुटून वैद्यांच्या डोक्यावर पडली.

"तो योगायोग होता," पिल्सू म्हणाला.

"मग दुसरा योगायोग बोलवा," ओकबुन म्हणाली.

मो वैद्य आले. बारीक चणीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. ते माणसांचे वैद्य होते, त्यांचे वडील गुरांना सुया टोचत. वडिलांची लाकडी डबी त्यांनी कोटाच्या खिशातून काढली आणि बाहीने पुसली. "तीस वर्षांत बैलाला हात लावला नाही मी," ते पुटपुटले, पण डोळे मात्र लहान मुलासारखे चमकत होते. माणसाची सुई केसासारखी बारीक असते. माझ्यासाठीची बोटभर लांब होती, दाभणाहून बारीक आणि शिवणाच्या सुईहून जाड.

आधी त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि माझ्या मानेपासून शेपटीपर्यंत बोटे चालवत नेली, हळूहळू, जणू काळोखात जिना उतरत आहेत. एके ठिकाणी माझी कातडी थरारली. तिथे ते थांबले. "इथं साचलंय," ते म्हणाले.

"काय साचलंय?" पिल्सूने विचारले.

"पिल्सू, तुझ्या खाचरांत पाणी कसं येतं?"

"पाटानं."

"आणि खालचं खाचर कोरडं पडलं तर? तिथंच खणत बसतोस?"

"मी काय खुळा आहे? वर जाऊन बघतो, पाट कुठं तुंबलाय. गाळ काढतो, पाण्याची दारं मोडतो."

"मग झालं तर! अंगातही असेच बारा मोठे पाट आहेत, असं आमचे जुने वैद्य सांगत आले. त्यांतून जिवाचा जोर वाहतो. एकीकडे तुंबला की पुढं कोरड पडते, मागं फुगवटा येतो, आणि दोन्हीकडे दुखतं. या पाटांवर जागोजागी दारं असतात. सुई म्हणजे ते दार उघडायची किल्ली. जोर कमी असेल तिथं सुई प्रवाहाच्या दिशेनं तिरपी करायची, साचला असेल तिथं प्रवाहाच्या उलट. आणि डावा-उजवा पाट एकमेकांना जोडलेले, म्हणून उजवं दुखलं तर कित्येकदा डावीकडचं दार उघडावं लागतं."

"आणि हे सगळं खरं?"

"शहरातले डॉक्टर म्हणतात, सुईनं शिरा जाग्या होतात, आखडलेलं मांस सैल पडतं. तसंही असेल. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. मला बैल उभा करायचाय."

आणि त्यांनी पहिली सुई टोचली.

मित्रांनो, मी लाथ मारली. खोटे कशाला सांगू? दुखले म्हणून नव्हे, घाबरलो म्हणून. बादली उडून छपराला लागली, वैद्य पेंढ्यात गेले आणि चष्मा शेणात. पिल्सू ओरडला, "मेला का म्हातारा?"

शेणातून चष्मा उचलत वैद्य ओरडले, "बघितलंस? उजव्या पायानं मारली! म्हणजे पाय मेलेला नाही!"

ओकबुनने माझे डोके छातीशी धरले आणि कानात गुणगुणू लागली. कंबर संपून शेपटीची चढण सुरू होते तिथल्या खळग्यात दुसरी सुई गेली. तिसरी गेली डाव्या, म्हणजे धडधाकट पायाच्या नडगीत. आधी मुंगी चावल्यासारखे वाटले. मग वैद्यांनी दोन बोटांत सुई हलकेच फिरवली, आणि आत काहीतरी जड, बोथट, जणू ओली वाळू सरकावी तसे सरकू लागले. त्यांनी शेपटीजवळच्या सुईच्या वरच्या टोकावर नागदवण्याच्या वाळक्या पानांचा बोळा पेटवून ठेवला. कडवट धूर दरवळला. ऊब सुईतून खाली उतरली, कंबरेतून खुब्यात, खुब्यातून गुडघ्यात, आणि थेट खुरापर्यंत गेली! मी इतका मोठा सुस्कारा टाकला की पेंढा उडाला.

दर तीन दिवसांनी वैद्य येत राहिले. पाचव्या खेपेला मी उजवा खूर पूर्ण टेकवला. सहाव्या खेपेला अंगणाला एक फेरी मारली. सातव्या खेपेला मी फाटकातून धूम ठोकली, आणि पिल्सू कासऱ्याला लोंबकळत, हसत, रडत, "दोलसे! अरे थांब!" करत माझ्यामागे फरफटत आला.

वैद्यांनी त्याला बजावले, "आता चाळीस दिवस आराम. पाट वाहू लागलाय, पण काठ अजून कच्चे आहेत. टायर ओढायचा नाही."

पण झुंज तीस दिवसांवर आली होती. पिल्सूने मला चोरून टेकडीवर नेले. मला वाईट वाटले नाही, उलट मीच उड्या मारत गेलो. झुंजीच्या दिवशी नदीच्या वाळूत पोहोचलो तेव्हा दोन्ही काठांवर माणसेच माणसे होती. ढोल, झांजा, रंगीत झेंडे! समोर काळा वाघ खुराने वाळू उधळत होता. माझ्या खुब्यात मात्र पुन्हा तेच काहीतरी आवळले गेले होते.

पिल्सूने मो वैद्यांना गर्दीतून ओढून आणले. वैद्यांनी माझ्या पाठीवर बोटे चालवली आणि त्यांचा चेहरा पडला.

"टायर ओढलास."

"वैद्यबुवा, अर्धाच तास! एक सुई टोचा, दुखणं थांबवा, अर्ध्या तासात मी त्याला घरी नेतो. आयुष्यभर तुमचे उपकार मानीन."

"दुखणं थांबवता येईल मला," वैद्य म्हणाले. "म्हणूनच टोचणार नाही. दुखणं हा त्याचा आवाज आहे, पिल्सू. तो आवाज मी बंद केला तर हा बैल पाय तुटेपर्यंत रेटत राहील."

"काळा वाघ पुढच्या वर्षी असेल की नसेल! लोक मला काय म्हणतील?"

लाउडस्पीकरवर माझे नाव पुकारले गेले. काठावरून आरोळी उठली, आणि ऐकून माझे रक्त उसळले. मी पुढे झेप घेतली. मला जायचे होते, मित्रांनो! खुबा जळत होता तरी जायचे होते. पिल्सूने कासरा सैल सोडला.

तेवढ्यात ओकबुन आडवी आली. माझ्यापुढे ती केवढीशी! तिने माझ्या नाकातले लाकडी कडे एका मुठीत धरले, खांदा बरा झालेला तोच हात, आणि ओरडली, "थांब! माझा बैल आज उतरणार नाही!"

मी थांबलो.

लोकांनी शिट्या मारल्या. कोणी म्हणाले, लंगडा बैल. कोणी म्हणाले, बायकोचा बैल.  पिल्सू त्यानंतर कित्येक महिने गोठ्यात फिरकला नाही, आणि गावातल्या ज्या लोकांनी माझ्याभोवती नाच केला होता ते बांधावरून जाताना मान वळवू लागले. तो उन्हाळा फार लांब वाटला. ओकबुन तेवढी दोन वेळा आंबोण घेऊन यायची. वैद्य यायचे, सुया टोचायचे आणि जाताना ओसरीकडे पाहून मोठ्याने म्हणायचे, "वहिनी, घरातल्या दुसऱ्या बैलालाही काही दुखत असेल तर सांगा!"

शरद ऋतूत, पर्सिमन पिकले तेव्हा, पिल्सू आला. त्याने माझ्या मानेपासून शेपटीपर्यंत बोटे चालवली, अगदी वैद्यांसारखी. माझी कातडी कुठेच थरारली नाही. तो तिथेच पेंढ्यात बसला.

पुढच्या वसंतात मी वाळूत उतरलो. काळा वाघही होता! कपाळे भिडली तेव्हा असा आवाज झाला की काठावरचे कावळे उडाले. त्याने मला दहा पावले मागे रेटले. पिल्सू माझ्या कानाशी ओरडत होता, "ढकल, दोलसे! ढकल रे माझ्या राजा!" मी मागचे दोन्ही पाय वाळूत रोवले. सगळा भार उजव्यावर आला. मी वाट पाहिली, आता आवळेल, आता आवळेल. आवळले नाही! खुब्यापासून खुरापर्यंत जोर वाहत होता, धोधो वाहत होता. मग मी रेटले. एक पाऊल, पाच पावले, वीस पावले. बेचाळीस मिनिटांनी काळ्या वाघाने मान काढून घेतली, पाठ फिरवली आणि पळाला!

नदीचे दोन्ही काठ जणू उठून उभे राहिले. पिल्सूने हवेत उंच उडी मारली, आणि खाली आला तो कंबर धरूनच. तिथेच वाकडा होऊन पडला. "आई गं! मेलो!"

मो वैद्य वाळूतून धावत आले, हातात डबी. पिल्सू पांढराफटक पडला. तेव्हा कुठे साऱ्या चॉंगदोला कळले की पिल्सू सुईला घाबरतो. "नको! वैद्यबुवा, कंबरेत नको!"

"कंबरेला कोण हात लावतंय? पंजा दाखव." वैद्यांनी त्याच्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या हाडांमध्ये, केसाएवढ्या बारीक दोन सुया टोचल्या. पिल्सू माझ्यापेक्षा मोठ्याने हंबरला. "आता ऊठ आणि चाल."

"चालू कसा?"

"बैल चालला तसा!"

हजारो माणसांसमोर पिल्सू हातात टोचलेल्या सुयांसह चालू लागला. आधी वाकून, मग जरा ताठ, मग आणखी ताठ. वाळूच्या रिंगणाला एक फेरी मारून तो वैद्यांसमोर आला, गुडघे टेकले आणि वाळूला कपाळ लावून त्यांना नमस्कार केला. ओकबुन म्हणाली, "बघा हं, हा तिसरा योगायोग!"

मित्रांनो, त्यानंतर मी खूप झुंजी खेळलो, काही हरलो, आणि वेळ आली तेव्हा पिल्सूने स्वतःहून माझी झुंज थांबवली. वैद्य आता थकले आहेत. त्यांची मुलगी डबी घेऊन येते. सुईने जे बरे होते ते ती बरे करते, जे होत नाही ते सरळ कबूल करते. पण तुमच्या घरीही कोणीतरी असेल, गाय, कुत्रा, नाहीतर काही न बोलता राबणारे एखादे माणूस. झांज वाजली की आम्ही धावतो. दुखत असले तरी धावतो, कारण तुमचा आनंद आम्हाला आमच्या पायांहून मोठा वाटतो. आम्हाला थांब म्हणता येत नाही. ते आमच्यासाठी तुम्ही म्हणा.