टोपी खिशात राहिली

मी एक जुना शिशाचा तुकडा आहे. मित्रांनो, या क्षणी मी गरागरा फिरतो आहे, आणि कितीही शोधलेत तरी तुम्हांला दिसणार नाही!

फार पूर्वी मला वितळवून साच्यात ओतले. मोटारसायकलच्या चाकाची एक बाजू जड असली की समोरच्या बाजूला मला चिकटवत, म्हणजे चाक तोलात फिरे. काम इमानाने केले, पण रूप काळे नि ओबडधोबड. "हे काय चिकटलंय?" म्हणत एकाने मला नखाने उचकटले. तेव्हापासून एका गॅरेजातल्या पत्र्याच्या डब्यात, गंजक्या स्क्रूंच्या शेजारी पडून होतो. खोटे कशाला सांगू, मी रुसलो होतो.

एके सकाळी एक शिंपीआजोबा आपली जुनी मोटारसायकल घेऊन आले. सोबत त्यांची लेक होती.

"मिस्त्री, बाबांचे हात थरथरतात," ती म्हणाली.

"हात नाही, हँडल थरथरतं!" आजोबा उसळले. "सुईत दोरा अजून एका फटक्यात ओवतो मी."

"आज थरथर थांबली नाही, तर किल्ली माझ्याकडे. गाडी बंद. कबूल?"

आजोबा म्हणाले, "कबूल."

मिस्त्रींनी पुढचे चाक काढून स्टँडवर चढवले. हवा भरायच्या तोंडाची बाजू झरकन खाली आली. त्यांनी डब्यात हात घातला आणि नेमके मलाच उचलले! माझा आनंद गगनात मावेना. आजोबांनी मात्र नाक मुरडले.

"माझ्या चकचकीत चाकावर ही चामखीळ? आतली शिवण कधी बाहेर दाखवतात का? टायरच्या आत घाला त्याला."

मिस्त्रींना हे पटले. त्यांनी मला ठोकून पातळ केले आणि चिकटपट्टीने तात्पुरते बाहेर लावून पाहिले. चाक आता माझ्या बाजूला झुकले, म्हणून माझा एक तुकडा छाटून डब्यात टाकला. मग चाक कुठेही थांबवा, जागचे हलेना. त्यांनी टायर उघडून मला रिमच्या आत, रबरी पट्टीखाली चिकटवले, टायर बसवला, हवा भरली आणि चाक काढताना उतरवून खिशात ठेवलेली पितळी टोपी हवेच्या तोंडावर घट्ट पिळली. गाडी नवी असताना आजोबांच्या बायकोने हौसेने आणलेली ती टोपी चांगली जाडजूड होती.

आजोबा निघाले, आणि त्यांच्याबरोबर मीही! किती वर्षांनी! पण वेग वाढला तसे चाक धडधडू लागले. मी आतून ओरडत होतो, पण ऐकणार कोण?

परत आल्यावर आजोबांनी किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. जिंकूनही तिचा चेहरा पडला होता. आजोबा खाली वाकून टोपीवरची धूळ अंगठ्याने पुसू लागले आणि एकदम थांबले.

"मिस्त्री, चाक तोललंत तेव्हा ही टोपी कुठे होती?"

"माझ्या खिशात. नेहमी तिथेच ठेवतो."

"अहो, स्वेटर काढून माप घेतलंत आणि कोट स्वेटरवर चढवलात!"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "साधी प्लास्टिकची टोपी लावू का?" त्यांनी विचारले. आजोबांनी टोपी तळहाताने झाकली. तेवढ्याने उत्तर मिळाले.

डबा पालथा झाला. स्क्रूंच्या ढिगातून माझा छाटलेला तुकडा सापडला! टोपीसकट चाक तोलून त्याला माझ्या अगदी शेजारी चिकटवले. आमची ताटातूट संपली.

"आधी मी चालवते," लेक म्हणाली. साठ, सत्तर, ऐंशी! चाक लोण्यासारखे धावले, हँडल जरासुद्धा हलले नाही. ती परतली तेव्हा तिचे डोळे पाणावले होते.

"बाबा, मी आधीच चालवून बघायला हवी होती. उगाच तुमच्या हातांना दोष दिला." तिने किल्ली त्यांच्या मुठीत दिली.

"बस मागे," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, थरथर दिसली की म्हाताऱ्या हातांना बोल लावण्याआधी एकदा चाक तपासा. आणि डब्यातले कुरूप तुकडे भंगारात देण्याची घाई करू नका. लोक आमच्या चाकाची चकाकी वाखाणतात, मी दिसतच नाही. पण रोज निघताना आजोबा टायरवर दोनदा थाप मारतात, बरोबर मी असतो तिथेच.